कोरड्या गवतावर फ्लाय फिशिंग: बडोदेकर नवशिक्यांसाठी सोपे पाठ

फ्लाय फिशिंग म्हटलं की डोळ्यांपुढे साहेबच येतो. गार पाण्यात कंबरभर उभा, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट, हातात महिन्याच्या पगाराएवढी काठी. बडोद्याच्या नवशिक्याला यातलं काही परवडत नाही आणि सुरुवातीला लागतही नाही. पुढचा अभ्यासक्रम दांडिया बाजारापासून कारेलीबागेपर्यंत कोणालाही झेपेल.

पायरी 1: पाण्यापासून लांब राहा

विश्वामित्री भर शहरातून वाहते आणि तिच्यात शेकडो मगरी राहतात. 1972 च्या वन्यजीव कायद्याने मगरीला पहिल्या अनुसूचीत ठेवून पूर्ण संरक्षण दिलं आहे. त्या अनुसूचीत तुमचं नाव नाही. म्हणून वर्ग भरवायचा तो कमाटीबागेतल्या हिरवळीवर. यात कमीपणा मानू नका. दोरी फेकायचे पहिले धडे जगभर गवतावरच गिरवतात. फक्त हास्यक्लबपासून चाळीस फूट अंतर ठेवा, नाहीतर ते आपल्यालाच हसताहेत असं वाटत राहतं.

पायरी 2: साहित्य जमवा, विकत घेऊ नका

साध्या गळाला वजन असतं, म्हणून तो लांब जातो. इथे गळावर बांधलेली खोटी माशी पिसासारखी हलकी, म्हणून वजन दोरीत भरलेलं असतं. 5 नंबरच्या दोरीचे पहिले 30 फूट साधारण 9 ग्रॅम भरतात, आणि सगळी करामत या 9 ग्रॅमची. सरावासाठी चार फुटी लवचीक बांबूची काठी घ्या, टोकाला बारा-पंधरा फूट जाड लोकर बांधा. आकडा अजिबात नको. कोणी विचारलं, ‘रीळ कुठाय?’ तर सांगा, जपानमध्ये ‘तेनकारा’ नावाची पद्धत आहे, तिच्यात रीळ नसतंच. एवढं सांगितलं की आपली कडकी परंपरेत जमा होते.

पायरी 3: हात बसवा

शेजारी मोठं घड्याळ उभं आहे असं समजा. काठी 10 आणि 2 या आकड्यांच्या मध्ये फिरवायची. मागे नेली की थांबायचं, दोरी मागे सरळ होऊ द्यायची, मगच पुढे. नव्वद टक्के नवशिके इथेच घाई करतात; उरलेले दहा टक्के आपण घाई केली हे कबूल करत नाहीत. उत्तरायणात गच्चीवर वाढलेल्या बडोदेकराला ढील देणं उपजत येतं, पण खेचण्याची सवय आड येते. दोरी स्वतःच्याच कानात अडकल्यावर ‘काप्यो छे!’ असं ओरडू नये.

कोपर उडू नये म्हणून जुने शिक्षक शिष्याच्या काखेत पुस्तक धरायला देत. आपण दाते पंचांग धरावं. ते पडलं की मुहूर्त टळला, पुन्हा सुरुवात. ताकदीचं इथे काम नाही, वेळ साधली की झालं. म्हणून आजी, नातू आणि खुर्चीत बसून फेकणारे, सगळे एकाच वर्गात चालतात.

पायरी 4: माशी बांधा

कोंबड्याच्या मानेची पिसं, शिंपिणीकडचा उरलेला दोरा आणि चमक हवी तर सुरतेच्या जरीची एक तार. परदेशी कारागीरही पिसं, दोरा आणि चमकती तारच वापरतात, फक्त पाकिटावर छापलेली किंमत वेगळी. तयार झालेली माशी ओट्यावर ठेवून द्या. घरातल्या कोणी तिला चपलेने मारलं तर तुम्ही पहिल्या वर्गात पास.

पायरी 5: घरच्यांना पटवा

भाड्याचं घर बघताना ‘मासे शिजवता का?’ हा प्रश्न ज्या शहरात हमखास येतो, तिथे हा छंद चपखल बसतो. आकड्याचा काटा पक्कडीने दाबून टाकायचा, मासा ओल्या हाताने धरून लगेच सोडून द्यायचा. पकडतो, पण खात नाही!

तरीही घरची जुनी माणसं ‘हे साहेबी खूळ’ म्हणाली, तर ‘मानसोल्लास’ पुढे करा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात लिहिलेल्या या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ आहे. मासे कोणते, गळ कसा, आमिष काय, सगळं सांगितलेलं. इंग्रजीतलं गळाच्या मासेमारीवरचं पहिलं छापील पुस्तक 1496 चं, म्हणजे साडेतीनशे वर्षांनंतरचं. आणि ‘मानसोल्लास’ छापला कुठे? बडोद्यातच, गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये. पहिला खंड 1925 चा, संपादक श्रीगोंदेकर.

पायरी 6: पेटी फिरवा

महागडी असते ती सामग्री, विद्या नव्हे. यावर इथे आधीच उपाय निघालेला आहे. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणून मोफत ग्रंथालयांची योजना उभी केली, आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. आपणही तेच करावं. एका पेटीत खऱ्या दोन काठ्या, एक दोरी, डबीभर माश्या. दहा घरांत मिळून एक पेटी, प्रत्येकाकडे एकेक आठवडा. गुरुदक्षिणा म्हणून एक प्लेट सेव उसळ. तर्री जादा मागणाऱ्या गुरूला बदलावं.

पायरी 7: आता पाणी

हात बसला की मासेमारीला परवानगी असलेलं पाणी शोधा आणि तिथल्या मगरींची माहिती असलेल्या माणसाबरोबरच जा. शहराच्या मधोमध असलं तरी सुरसागर त्यासाठी नाही. डभोईजवळचं वढवाणा तळं 2021 पासून रामसर यादीत आहे. तिथे दुर्बीण न्यावी, गळ नाही.

एवढं जमलं की पुढच्या रविवारी आणखी दोघांना गवतावर उभं करा. फी घेऊ नका, पंचांग मात्र ज्याचं त्याने आणावं.