जाड पत्र्याची गाडी

आमच्या घराण्यात गाड्यांमधलं कळणारा माणूस म्हणजे मी. हा मान मला कसा मिळाला ते कुणाला आठवत नाही, आणि मीही आठवण करून देत नाही. लग्नाकार्यात कुणाची गाडी बंद पडली की मला हाक येते. मी बॉनेट उघडतो, आत बघून ‘हं’ म्हणतो, बॉनेट लावतो आणि मेकॅनिकला बोलवायला सांगतो. पण तो ‘हं’ एवढ्या खर्जात निघतो की वऱ्हाडाला धीर येतो. त्यामुळे भाचीला अठरा पूर्ण झाली, लायसन हातात आलं आणि कॉलेजला जायला जुनी का होईना पण गाडी घ्यायची ठरली, तेव्हा साताऱ्याहून बहिणीचा फोन मलाच आला.

“दादा, सेफ पाहिजे. बाकी काही बघू नको.”

दाजींनी बजेट सांगितलं : पाच लाख. शेवटची दमडी धरून.

जुनी गाडी पारखायची माझी पद्धत आहे. आधी दार लावून आवाज ऐकायचा. ‘धप्प’ आला तर गाडी खानदानी, ‘टण्’ आला तर पुढे चला. मग बोटाच्या पेरानं पत्रा वाजवायचा, उन्हाळ्यात माठ घेताना वाजवतात तसा. सेकंडहँड गाड्यांच्या पहिल्याच दुकानात मी हा कार्यक्रम सुरू केला. मालक आदरानं बघत होता. चौथ्या गाडीला भाची म्हणाली, “मामा, पत्र्याचा काय संबंध?”

मी हसलो. ज्याला कळतं त्याचं हसू.

तिनं मला शांतपणे समजावलं. धडकेत गाडीचं नाक चेपायलाच हवं, कारण धक्का तेच खातं. आतली खोली तेवढी शाबूत राहिली पाहिजे. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपनं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगानं आदळून पाहिल्या. पाचही गाड्यांना शून्य तारे. त्यांत फोक्सवॅगन पोलोसुद्धा होती; आणि धप्प आवाजाच्या बाबतीत पोलो म्हणजे आमच्या संप्रदायाचं दैवत! तीच पोलो दोन एअरबॅगा लावून आदळली, तर चार तारे. दार तेच, पत्रा तोच.

“म्हणजे २०२२ च्या आधीची बघायचीच नाही,” भाचीनं निकाल दिला. पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग त्या वर्षापासून सक्तीची झाली. एबीएस आणि चालकाची एअरबॅग २०१९ पासूनच होती. शिवाय घसरताना गाडी सावरणारी ती ईएससी नावाची भानगड हवी, कारण कॉलेजची पोरं उठून कासच्या पठारावर जाणार, म्हणजे यवतेश्वरचा घाट आलाच. मी ‘हं’ म्हणालो. यावेळी तो खर्जात निघाला नाही.

म्हणून मी माझ्या खऱ्या विषयाकडे वळलो. नंबर. गाडीला नंबर चांगला पाहिजे, यावर महाराष्ट्रात दुमत नाही. पक्षभेद असतील, जातभेद असतील, पण बेरीज नऊ यावी यावर एकमत. त्यातले जे अधिक कलावंत, ते नंबरचा मजकूर करत. चारला जरा वळण दिलं की ‘द’, एकचा काना. म्हणजे एक्केचाळीस एक्केचाळीस म्हणजे ‘दादा’. दोनशे चौदाचा ‘राम’. ऐंशी पंचावन्नचा इंग्रजी ‘बॉस’. रंगाच्या एका डबीत आणि पेंटरच्या एका चहात माणूस दादा होत असे. मग २०१९ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना ती सरकारी ठशाची हाय सिक्युरिटी पाटी आली. सगळ्यांचे आकडे सारखे, सरळ, निर्विकार. एका ठशात किती दादा संपले, याची दखल एकाही अग्रलेखानं घेतलेली माझ्या पाहण्यात नाही. तरी आकड्यांचा सोस सुटला नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारनं चारचाकीच्या ०००१ या नंबरचं शुल्क तीन लाखांवरून पाच लाख केलं. म्हणजे दाजींनी मनात आणलं असतं तर त्यांना नंबर घेता आला असता, फक्त तो लावायला गाडी नसती. मी यावर दुकानातच बराच वेळ बोललो. भाचीसाठी बेरीज नऊची आणि दिसायला सुबक अशी एक यादीही मी करून नेली होती.

“मामा,” ती म्हणाली, “जुन्या गाडीला नंबर असतोच की.”

पुढच्या दुकानात ‘डॉक्टरांची, एकहाती’ गाडी होती. (एवढे डॉक्टर गाड्या विकतात, तर ते दवाखान्यात जातात कशानं?) भाचीनं पुढचा पट्टा मुळापर्यंत ओढून काढला. शेवटच्या वीतभर भागावर वाळलेला गाळ. ही डॉक्टरसाहेबांसकट पुरात उभी होती. मालक म्हणाला, “धूळ आहे, ताई.” तोवर मी दार दोनदा लावून बघितलं होतं. आवाज सुरेख होता.

शेवटी एक राखाडी गाडी तिच्या सगळ्या अटींत बसली. चालवून बघायला आम्ही यवतेश्वरला निघालो. भाची चालवायला, मी शेजारी, बहीण आणि दाजी मागे. गाडी हलेना.

“बाबा, पट्टा.”

“मागं कोण लावतं?” दाजी म्हणाले. मागच्या पट्ट्यांची कुलपं सीटकव्हरखाली गाडलेली होती. आपल्याकडे बऱ्याच गाड्यांत असतात. इथं मात्र मला राग आला. उद्योगपती सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ अपघातात गेले, ते मागच्या सीटवर, पट्ट्याविना. गाडी मर्सिडीज होती. दारही धप्प वाजत असणार. सेफ गाडी हवी म्हणून महिनाभर माझं डोकं खाणारा माणूस हातभर पट्टा ओढायला लाजतो, आणि वर हवा भरलेल्या पिशव्या मोजतो. मी हे बोललो, आणि जरा मोठ्यानं बोललो. दाजींनी मुकाट्यानं कव्हर उचकटून कुलूप शोधलं.

भाचीनं घाट चांगला चढवला. उतरताना तिनं गाडी सैल सोडली, तसा मी माझा राखून ठेवलेला एकमेव उपदेश करायला तोंड उघडलं. पण मागून आवाज आला.

“ज्या गिअरमध्ये चढलीस, त्याच गिअरमध्ये उतर. नुसत्या ब्रेकवर नको. ब्रेक तापतात.”

बहीण बोलत होती. जिनं आयुष्यात स्टिअरिंग धरलं नाही.

हे वाक्य आमच्या वडिलांचं, नानांचं. मारुती ८०० घेतली तेव्हा नानांनी मला खंबाटकीत शिकवलं. ही मागच्या सीटवर बसायची. घरी आल्यावर फाटक उघडायचं काम हिचं. एकदा तिनं मी पण शिकते म्हटलं, तर नाना म्हणाले, तुला काय करायचंय, नवरा चालवेल. मी तेव्हा शेजारीच उभा होतो, किल्ली बोटात फिरवत. घराण्यात गाड्यांमधलं कळणारा मीच का, हे तर एवढं सोपं होतं.

भाचीनं गिअर खाली घेतला. गाडी गुरगुरली आणि ताब्यात आली.

गाडी घेतली. नंबर एमएच ५० चा, कराडचा, बेरीज चार. परत निघताना बहीण मला सोडायला स्टँडवर आली.

“दादा, लर्निंगला वयाची वरची अट असते का रे?”

“नसते,” मी खर्जात म्हणालो. “पण चाळिशीनंतर डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं.”

“ते काढलंय,” ती म्हणाली. “मंगळवारीच.”