जावयांचा प्रोसेसर रात्रभर टिकला

एडमंटन, कॅनडा
18 जानेवारी 2015

ती. आई-बाबांना,


तिळगुळाचं पार्सल पोचलं, वड्या अखंड आहेत. बाहेर उणे चोवीस, पण आम्ही खुशाल. आई, तू फोनवर विचारलंस की जावई आणि नातू रात्र रात्र तळघरात काय करतात. हे शेजारीच उभे होते, म्हणून विषय टाळला. आता सविस्तर लिहिते. ते दोघं एका स्वस्तातल्या प्रोसेसरचा छळ करतात.

पेंटियम या नावाला वीस वर्षं झाली म्हणून इंटेलने गेल्या उन्हाळ्यात जी3258 नावाचा जणू वर्धापनदिन विशेषांक काढला. दोन कोर, 3.2 गिगाहर्ट्झ, किंमत 72 अमेरिकी डॉलर. खुबी अशी की याचा मल्टिप्लायर खुला ठेवलाय. एरवी इंटेल ही मुभा महागड्या प्रोसेसरांनाच देते. 100 मेगाहर्ट्झ गुणिले 32 म्हणजे 3.2. बायॉसमध्ये जाऊन 32 चे 44 करा, झाले 4.4. बाराशे मेगाहर्ट्झ फुकट! फुकट हा शब्द कानावर पडल्यावर तुमच्या जावयांना झोप कुठली?

त्यात यांचा पूर्वेतिहास आहे. 1998 साली यांनी लॅमिंग्टन रोडवरून सेलेरॉन 300ए आणला होता. त्याचा मल्टिप्लायर साडेचारला कुलूपबंद, म्हणून मंडळी बस, म्हणजे गुणाकारातला दुसरा आकडा, 66 वरून 100 वर न्यायची आणि 300 चा प्रोसेसर 450 वर पळायचा. मदरबोर्ड ऐकेना तेव्हा यांनी एका पिनेवर वन्संचं नेलपॉलिश लावलं म्हणे. वन्सं अजून ती बाटली काढतात. मुलाला मात्र ही कथा श्रावणातल्या कहाणीसारखी पाठ आहे.

बाबा, तुम्ही वीज मंडळात जन्म काढलात, तुम्हाला वेगळं सांगायला नको. वेग वाढवला की प्रोसेसर अडखळतो, मग व्होल्टेज वाढवायचं. यांनी साधारण 1.05 चं 1.28 केलं. आणि उष्णता वाढते ती व्होल्टेजच्या वर्गाने, वर वेगाचा गुणाकार. मी पोळ्या लाटता लाटता हिशोब केला, दुपटीच्या आसपास आला. सोबत आलेला चिमुकला पंखा हे बघून हबकला असणार. मग मोठा कूलर आला. कूलरखाली लावायची थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी की तांदळाच्या दाण्याएवढी, यावरून बापलेकांत अबोला झाला. तो मीच मोडला. दोघांना जेवायला बोलावलं, एवढंच.

मग परीक्षा. प्राइम95 नावाचा प्रोग्रॅम आहे. मुळात तो मूळ संख्या हुडकायला केलेला. मर्सेन नावाच्या सतराव्या शतकातल्या फ्रेंच साधूच्या नावाने ओळखतात त्या संख्या, 2 चा अमुक घात वजा 1. 2013 साली सापडलेली 1 कोटी 74 लाख अंकी आहे. पण आमच्या तळघरात कुणाला संख्या नकोय. उत्तरं आधीच माहीत असलेली गणितं प्रोसेसरला घालायची आणि तो कुठे चुकतो ते टपून बघायचं, एवढ्यासाठीच तो प्रोग्रॅम चालतो. गणित दशांशात चालतं, पण प्रत्येक उत्तर पूर्णांकाला चिकटून यावं लागतं. आलं नाही तर पडद्यावर ओळ उमटते: राउंडिंग 0.5, अपेक्षा 0.4 पेक्षा कमी. 0.5 म्हणजे धड इकडचं ना तिकडचं. आणि चुकलेला कोर तिथेच काम टाकून बसतो.

परवा पहाटे तीनला हे वर आले, दिवा लावला आणि पलंगाच्या कडेला बसून म्हणाले, "दोन नंबरचा गेला गं." माझ्या काळजात धस्स झालं. भारतातून कुणाचा फोन? तर दुसरा कोर. साडेपाच तास गणितं करून शेवटी चुकला होता. एक नंबरचा अजून चालू आहे, हे सांगताना यांचा आवाज भरून आला होता. मी म्हटलं, चालू आहे ना, मग झोपा. तर व्होल्टेज एक शतांश वाढवून पुन्हा पहिल्यापासून! पुढची रात्र दोन्ही कोर निभावून गेले. तापमान 81 च्या वर नाही. सकाळी यांनी देवापुढे साखर ठेवली, थट्टा नाही करत.

हा आनंद दुपारपर्यंत टिकला. मराठी मंडळाच्या तिळगूळ समारंभात एका गृहस्थांनी सहज सांगितलं की त्यांचा 4.7 ला जातो, तोही कमी व्होल्टेजवर. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच किमतीचे. सिलिकॉन कुणाला कसं लाभेल याचा नेम नाही, यात कर्तृत्व कसलं? पण हे घरी येईपर्यंत गाडीत अवाक्षर बोलले नाहीत.

खरी मजा पुढे आहे. हा सगळा घाट ज्या खेळासाठी घातला, तो नातवाने काल रात्री लावला. काळा पडदा. पुन्हा लावला, पुन्हा काळाच. शोध घेतल्यावर कळलं, त्या खेळाला चार कोर लागतात, दोन असतील तर तो सुरूच होत नाही. वेग कितीही असो. 242 डॉलरचा आय5 घ्यायचा नाही म्हणून 72 चा घेतला, वर कूलर, बोर्ड आणि जास्त दमाचा पॉवर सप्लाय. बेरीज मी यांच्यासमोर मांडली नाही. फ्रिजवर चिकटवली.

तूर्तास हे यंत्र माझ्या ताब्यात आहे. मंडळाच्या हळदीकुंकवाचा जमाखर्च मी 4.4 गिगाहर्ट्झवर एक्सेलमध्ये करते. बेरजा बरोबर येतात. रात्रभर तपासलंय ना.

आई, गुडघ्याला तेल लावत जा. सर्वांना नमस्कार.

तुमची लेक

ता. क. : बाबा, यांनी विचारायला सांगितलंय की 1.35 व्होल्टवर चोवीस तास ठेवलं तर काय होईल. कृपा करून "करून बघा" असं कळवू नका.