टोकाचं पुण्य

ब्रिटनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, कॉर्नवॉलच्या कड्यावर लँड्स एन्ड नावाची जागा आहे. तिथे एक पांढरा खांब उभा आहे आणि त्याला चहूबाजूंना पाट्या. एकीवर न्यूयॉर्क ३,१४७ मैल, दुसरीवर जॉन ओ'ग्रोट्स ८७४ मैल. एक पाटी रिकामी असते. फोटोवाल्याला पैसे मोजले की तिच्यावर तुमच्या गावाचं नाव आणि तिथपर्यंतचं अंतर अक्षरं जुळवून लावून मिळतं. न्यूयॉर्कची पाटी वाचून सहसा कोणी समुद्रात उतरत नाही. ८७४ मैलांची पाटी मात्र चांगल्या नोकरीधंद्यातल्या, बायकापोरं असलेल्या माणसांना भुलवते आणि ती पायी किंवा सायकलवर स्कॉटलंडच्या दिशेने निघतात. गंमत म्हणजे ही दोन टोकं धड टोकंसुद्धा नाहीत. मुख्य बेटाचं दक्षिण टोक लिझर्ड. उत्तर टोक डनेट हेड, तेही जॉन ओ'ग्रोट्सपासून दहा-बारा मैल पश्चिमेला. निदान ईशान्येचा मान तरी द्यावा, तर तो दोन मैलांवरच्या डंकन्सबी हेडने पटकावलेला. इतका घाम गाळून माणूस जिथे पोचतो, तिथून खरं टोक अजून पुढेच असतं.

हे सगळं बहुतेक वेळा कुठल्या तरी धर्मादाय कामासाठी चालतं, आणि घरातली वडीलधारी माणसं इथेच नेमका प्रश्न विचारतात: इस्पितळाला पैसे हवे आहेत ना, मग त्यासाठी चालायचं कशाला? एकाच्या टाचेला फोड आल्याने दुसऱ्याचं रक्त शुद्ध होत नाही. हा शुद्ध द्राविडी प्राणायाम आहे हे मान्य. पण माझं म्हणणं असं, की पैसे गोळा होतात ते या निरर्थकपणामुळेच. उपयोगाच्या कामाला बाजारभाव असतो. हाच गृहस्थ वाटेतल्या गावांना बटाट्याची पोती पोचवत गेला असता तर त्याला हमाली मिळाली असती, तीही घासाघीस करून. ज्या कष्टांचा कुणालाच काडीचा उपयोग नाही त्यांची मजुरी ठरवणार कशी? मग देणारा मनाला येईल ते देऊन मोकळा होतो. चालणाऱ्याने आपले गुडघे तारण ठेवलेले असतात आणि त्या तारणावर लोक एका अनोळखी संस्थेला पैसे देतात. आपल्याकडच्या नवसात बोलणारा आणि फेडणारा एकच असतो. इंग्रजांनी कामाची वाटणी केली: एकाने चालायचं, दुसऱ्याने फेडायचं.

नुसतं चालून काय मिळतं, तेही पाहून झालं आहे. १८७१ मध्ये जॉन आणि रॉबर्ट नेलर हे दोघे भाऊ जॉन ओ'ग्रोट्सहून निघून १,३७२ मैलांची वळणं घेत लँड्स एन्डला पोचले. अट अशी की कुठल्याही वाहनात पाऊल ठेवायचं नाही, दारू नाही, तंबाखू नाही आणि रविवारी चर्च चुकवायचं नाही. आत्मिक उन्नती म्हणतात ती झालीच असणार. दारू-तंबाखूशिवाय दोन महिने स्कॉटलंड-इंग्लंडचा पाऊस अंगावर घेतल्यावर ती न होऊन सांगते कुणाला? पण ते कुणासाठी पैसे मागत नव्हते, त्यामुळे पदरी पडलं ते एक जाडजूड पुस्तक, आणि तेही १९१६ साली छापून आलं. आता हाच रस्ता १९८५ मध्ये चाललेल्या क्रिकेटपटू इयन बोथमचं बघा. दुखावलेल्या पायावर उपचार घ्यायला तो १९७७ मध्ये टाँटनच्या इस्पितळात गेला होता आणि तिथल्या वॉर्डात त्याला रक्ताच्या कर्करोगाची मुलं दिसली. आठ वर्षांनी त्याने ३५ दिवसांत देशाची लांबी पायाखाली घातली आणि आठ लाख पौंडांहून जास्त रक्कम उभी केली. इतक्या नामवंत खेळाडूने छापील आवाहनावर सही केली असती तरी चाललं असतं, असं कुणी म्हणेल. पण छापील आवाहन रद्दीत जातं. समोरून बोथम लंगडत येत असला आणि त्याच्या बाजूला बादली खुळखुळत असली, की रद्दीत टाकायची सोयच उरत नाही. पुढे १९८८ मध्ये तो हॅनिबलच्या वाटेने हत्ती घेऊन आल्प्स ओलांडायला गेला. हत्तींना कुणी प्रायोजक विचारले होते का, ते कळायला मार्ग नाही.

कष्टांवाचून लोकांचा हात खिशात जातच नाही, असं मी म्हणत नाही. पण क्रिस्टोफर ओलिव्होला आणि एल्डर शफीर या दोन संशोधकांनी २०१३ मध्ये प्रयोगांती दाखवलं, की देणगीबरोबर त्रासही सोसावा लागणार असेल तर माणसं जास्त द्यायला तयार होतात. दानासाठी सहल ठेवली तर हात आखडतो, दानासाठी धावायला लावलं तर सैल सुटतो. ऑफिसात फिरणारा प्रायोजकांचा कागद घ्या. त्यावर शेजारच्या टेबलावरचा माणूस मैलाला दहा पेन्स लिहितो, ते हा चालणारा वाटेतल्या एक्सेटरच्या पुढे जात नाही अशा खात्रीने. म्हणजे खर्च साधारण बारा पौंड. पठ्ठ्या शेवटपर्यंत पोचला की मुकाट्याने ८७ पौंड ४० पेन्स काढून द्यावे लागतात. आणि पोचणं सोपं नाही. शहाणे सायकलवाले दक्षिणेकडून निघतात, कारण वारा बहुधा नैर्ऋत्येचा, पाठीवरचा. पण त्यामुळे कॉर्नवॉल आणि डेव्हनचे आखूड, उभे चढ पहिल्याच दोन दिवसांत भेटतात. स्कॉटलंडच्या डोंगरांना घाबरून आलेल्याचा जीव क्रीम-जॅमच्या मुलखातच जातो. २०१८ मध्ये मायकल ब्रॉडविथ नावाच्या गणिताच्या शिक्षकाने हे सगळं सायकलवर ४३ तास २५ मिनिटांत उरकलं. शेवटी शेवटी मान इतकी गळाली, की एका हाताने हनुवटीला टेकू द्यावा लागला. वर्गात मान टाकून बसणाऱ्या पोरांना यानंतर तो काय बोलत असेल?

जास्त वजनदार आक्षेप असा, की ही परमार्थाच्या नावावरची सहल आहे. लोकांच्या देणगीतून किलिमांजारो बघून यायचं आणि वर शाबासकी मिळवायची! ज्या मोहिमांत गोळा झालेल्या पैशातूनच जाणाऱ्याचं तिकीट निघतं, तिथे हा आक्षेप मला साफ मान्य आहे. ज्याने तारण ठेवायचं त्यालाच कर्जाचा हप्ता मिळू लागला, तर ते तारण कसलं? रक्ताच्या कर्करोगातून स्वतः वाचलेला लॉइड स्कॉट २००२ मध्ये जुन्या पाणबुड्याचा ५० किलोंहून जड पोशाख घालून लंडन मॅरेथॉन चालला आणि त्याला पाच दिवसांहून जास्त लागले. त्याला सहलीला गेला होता असं कोण म्हणेल?

आणि अंतराला महत्त्व नाही, हे तर एका म्हाताऱ्याने कायमचं सिद्ध करून ठेवलं. एप्रिल २०२० मध्ये शंभरीला टेकलेले कॅप्टन टॉम मूर वॉकर धरून आपल्याच बागेत २५ मीटरच्या १०० फेऱ्या मारू लागले. एकूण अडीच किलोमीटर. अपेक्षा हजार पौंडांची होती, जमले तीन कोटी वीस लाखांच्या वर. त्यांच्या नावाने नंतर निघालेल्या संस्थेच्या कारभारात कुटुंबाने गैरव्यवस्थापन केल्याचा ठपका नियामकाने २०२४ मध्ये ठेवला. बागेतल्या फेऱ्यांचा पैसा त्याहून वेगळा होता, तो आरोग्यसेवेच्या संस्थांकडे गेला. यावरून धर्मादाय चालण्यालाच झोडपणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन, की लोकांनी भरवसा ठेवला होता तो वॉकरवर. वॉकर थांबल्यावर पुढचे हिशेब ज्याचे त्याने तपासायचे होते.

पैसे अंतराचे नाही, कष्टांचे मिळतात याचा सगळ्यात मोठा पुरावा मात्र उत्तरेला मिळतो. जॉन ओ'ग्रोट्स हे नाव पडलं यान द ग्रोट या डचावरून. १४९६च्या सुमाराला त्याने इथून ऑर्कनीला होडी चालवायला घेतली. मानपानावरून वंशजांत तंटा नको म्हणून त्याने आठ दारांचं अष्टकोनी घर बांधलं अशी आख्यायिका आहे. तिथल्या खांबाखाली फोटो झाला की आपला वीर भानावर येतो. इथे रेल्वे नाही. बसने विक किंवा थर्सो गाठायचं, तिथून इन्व्हरनेसपर्यंत चार तासांची गाडी, ती सायकली मोजक्याच घेते, आणि मग पुढे अख्खा देश. तीच ८७४ मैलांची भानगड, फक्त उलटी. पण आता तो गादीवर पाय पसरून बसला आहे, हातात चहा आहे. या परतीच्या मैलांसाठी त्याने शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडे पुन्हा तोच कागद सरकवून बघावा.