साठ टक्के थंडी

हवामान खात्याचा सगळ्यात निष्ठावंत वाचक कोण, असं पुण्याच्या सिमला ऑफिसात कुणी विचारलं, तर तिथले शास्त्रज्ञ शेतकऱ्यांचं नाव घेतील, विमानतळांचं घेतील, फार तर मच्छीमारांचं घेतील. चूक. खरा निष्ठावंत वाचक तो, ज्याचा खात्यावर काडीचा विश्वास नाही. तो अंदाज पहिल्या शब्दापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचतो, कात्रण काढतो, त्यावर तारीख घालतो आणि दबा धरून बसतो. धुळे जिल्ह्यातल्या आमच्या शिंदखेड्यात अशी माणसं गल्लीला एक या हिशेबाने सापडतात. वेगवेगळी नावं घेण्यात अर्थ नाही. सगळ्यांना मिळून आपण आप्पा म्हणू.

आप्पा पावसाळ्यात तसे शांत असतात. पावसाच्या अंदाजावर अविश्वास दाखवायला अक्कल लागत नाही, ते काम कुणीही करतो, असं त्यांचं मत. बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी तर २०१७ च्या जुलैत अंदाज चुकला म्हणून हवामान खात्याविरुद्ध थेट पोलीस ठाण्यात तक्रार दिली होती. ती बातमी आप्पांनी इतक्या वेळा वाचून दाखवली, की ठाणे अंमलदार त्यांच्याच नात्यातला असावा असं वाटायचं. पण थंडीचं तसं नाही. पाऊस आला नाही तर वाया गेलेली पेरणी पंचनाम्यात दाखवता येते. थंडी आली नाही तर दाखवणार काय? घडी न मोडलेली गोधडी? म्हणून थंडीच्या अंदाजाचा न्याय पोलिसांकडे न जाता टपरीवर होतो, आणि तिथे फिर्यादी, साक्षीदार व न्यायाधीश आप्पाच असतात.

कोजागिरी झाली की त्यांचा हंगाम सुरू होतो. डोक्याला मफलर. खरं तर त्या दिवसांत दुपारी अजून पंखा लागतो, पण मफलर ही त्यांची वर्दी आहे. स्टेशनाकडच्या टपरीवर चहा घेता घेता ते पेपर उघडतात. सोन्याचा भाव, दोंडाईच्याच्या मिरचीचा भाव आणि मग हवामान. "ला निनामुळे यंदा कडाक्याची थंडी" असं काही दिसलं की त्यांच्या चेहऱ्यावर जावई दारात आल्यासारखा उजेड पडतो.

"पॅसिफिकमा पानी गार व्हयनं म्हने. मंग आठे काय?"

मी एकदा समजावण्याच्या भानगडीत पडलो. म्हटलं, आप्पा, प्रशांत महासागराच्या मधल्या आणि पूर्वेकडच्या भागातलं पाणी नेहमीपेक्षा गार झालं, की जगभरच्या वाऱ्यांची घडी बदलते. या घडीमागचा हवेच्या दाबाचा झोका ज्या गिल्बर्ट वॉकरने ओळखला, तो आपल्याच हवामान खात्याचा प्रमुख होता, १९०४ ते १९२४. मुळात गणिती. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो कधी शिंदखेड्याले उतरना का?" मी म्हटलं, तशी नोंद नाही. "मंग!" म्हणाले, आणि खटला माझ्या विरोधात गेला.

आता आप्पांची स्वतःची यंत्रसामग्री सांगितली पाहिजे. पहिलं यंत्र डावा गुडघा. "तुम्हनं खातं दिल्लीमा शे, मन्हा गुडघा आठे शे," हे त्यांचं जाहीरनाम्यातलं पहिलं कलम. दुसरं यंत्र म्हणजे न्हाणीघराच्या खिडकीतली खोबरेल तेलाची बाटली. ती निळी चपटी बाटली आप्पा रोज सकाळी उलटी धरतात. तेल ओघळलं तर थंडी नाही, हललं नाही तर थंडी आहे, आणि सून काडीने तेल उकरताना दिसली तर कडाक्याची. शास्त्र म्हणून यात चूक एवढीच, की खोबरेल तेल चोविसेक अंशांवरच थिजायला लागतं. म्हणजे कार्तिकात एकदा थिजलं की ते बरेच आठवडे पहाटे दगडच असतं. बाहेर चौदा अंश असोत की चार, बाटलीचा अहवाल एकच. पण आप्पांच्या बाटलीचा अंदाज आजवर एकदाही खोटा ठरलेला नाही, आणि असं रेकॉर्ड दिल्लीच्या मौसम भवनाकडेही नाही.

थंडीचं आम्हा खानदेशी माणसांना एवढं काय, असं बाहेरच्याला वाटेल. मे महिन्यात आम्ही कसे भाजून निघतो ते सगळ्यांना माहीत असतं, पण सातपुड्याखालच्या या पट्ट्यात पश्चिमी विक्षोभ उत्तरेतून पुढे सरकला, की मागून कोरडा वारा उतरतो. आभाळ निरभ्र असतं. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता सोडून देते आणि ती अडवायला वर ढगाचं पांघरूण नसतं. पहाटे बोटं वाकत नाहीत. गव्हाला तीच थंडी लागते, नाहीतर फुटवे धरत नाहीत. हरभऱ्याला लागते. आणि भरताला तर लागतेच. चंपाषष्ठीला वांग्यावरची बंदी उठली की शेतात पऱ्हाट्यांचा जाळ करून हिरवी वांगी भाजायची, बडगीत मिरची-लसणासकट ठेचायची आणि कळण्याच्या भाकरीवर घ्यायची. हे उकाड्यात करून बघा. जेवण तेच, पण जेवणारे घामाघूम. उकाड्यातलं भरीत आप्पा खातात, मात्र प्रत्येक घासाला हवामान खात्याचा उद्धार करून.

बरं, खात्यावर त्यांचा सरसकट राग आहे असंही नाही. धुळ्याचं किमान तापमान कृषी महाविद्यालयातल्या केंद्रावर मोजतात. निफाडचं कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात. राज्यात सगळ्यात गार कोण, यावरून या दोघांची दरवर्षी चुरस असते. धुळं खाली गेलं की आप्पा पेपर हातात नाचवत येतात. त्या दिवशी पारा खरा, यंत्र खरं, शास्त्रज्ञ देवमाणूस. निफाड खाली गेलं की, "त्यास्नं यंत्र द्राक्षना मांडवमा ठेयेल व्हई." आणि धुळ्याचा आकडा अभिमानाने सांगून झाला की लगेच तक्रार, की धुळं कुठे, शिंदखेडा कुठे, धुळ्याची थंडी आमच्या अंगावर का घालता?

यात त्यांचं अगदीच चुकतं असं मला वाटत नाही. आप्पांचा प्रश्न साधा असतो. कुठल्या रात्री, कुठल्या गावात, किती. तीन महिन्यांचा हंगामी अंदाज या प्रश्नाचं उत्तर देतच नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीत मध्य भारतात रात्री सरासरीपेक्षा गार असण्याची शक्यता किती, एवढंच तो सांगतो. म्हणजे माणूस विचारतो आज भाजी काय, आणि घरातून उत्तर येतं, या तिमाहीत पालेभाज्यांकडे कल राहील. उत्तर खोटं नाही, पण ताट रिकामंच. खात्याकडे ताटातल्या भाजीचं उत्तर देणारेही अंदाज आहेत. तीन तासांचा आहे, पाच दिवसांचा आहे, दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा निघतो, मंगळवार-शुक्रवार शेतीचा सल्ला येतो. पण आप्पांच्या लेखी ही सगळी एकाच घरातली माणसं. एकाने शब्द मोडला की सगळ्यांशी बोलणं बंद.

आणि त्यातला टक्का त्यांना मुळीच खपत नाही. २०२४ च्या सप्टेंबरात जागतिक हवामान संघटनेने सांगितलं, की वर्षअखेरीपर्यंत ला निना येण्याची शक्यता साठ टक्के. आप्पांनी पेपर माझ्यापुढे धरला.

"साठ टक्का म्हंजे व्हई का नही व्हई?"

"व्हायची शक्यता जास्त."

"आनि नही व्हयनं तं?"

"तर चाळीस टक्क्यांत धरायचं."

"म्हंजे दोन्हीकडथीन त्याच खरा!" असं म्हणून त्यांनी पूर्ण टपरीकडे पाहिलं. त्यांचा दाखला तयार होता. बाजारात बैल घेताना विकणाऱ्याने साठ टक्के बैल आहे म्हटलं, तर आपण दावं हातात घेऊ का? टपरीवर हशा पिकला. संभाव्यतेचं गणित वॉकरला जमलं असेल, शिंदखेड्याच्या टपरीवर त्यालाही दुसरा चहा मागवावा लागला असता.

त्याच हिवाळ्याचा हिशेब आप्पांच्या वहीत आहे, आणि तो पाहण्यासारखा आहे. वही म्हणजे बियाण्याच्या दुकानातून मिळालेली जुनी डायरी. डाव्या पानावर कात्रण, उजव्या पानावर निकाल. ऑक्टोबरचं कात्रण, ला निना, यंदा कडाक्याची थंडी. मग २ डिसेंबरचं. खात्याने आपला हंगामी अंदाज काढला, की देशाच्या बहुतेक भागांत रात्री सरासरीपेक्षा उबदार राहतील, थंडीच्या लाटेचे दिवस कमी. तेव्हा फेंगल चक्रीवादळ नुकतंच पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागलं होतं, आपल्याकडे ढग आले आणि थंडी पळाली. आप्पांनी पहिल्या कात्रणासमोर लाल शाईत लिहिलं, चूक. दोन आठवड्यांत आभाळ मोकळं झालं आणि धुळ्याचा पारा धाडकन चार-पाच अंशांवर आला. आप्पा त्या पहाटे शेकोटीचा निखाराही न घेता वहीकडे धावले. दुसऱ्या कात्रणासमोर, चूक. एकाच हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडणार हेही चुकलं आणि पडणार नाही हेही चुकलं. असा दुहेरी पराभव खात्याचा जगात दुसरीकडे कुठे झाला नसेल.

मी म्हटलं, आप्पा, पहिली बातमी होती, खात्याचा हंगामी अंदाज नव्हता. आणि दुसरा अंदाज तर बरोबर आला. ला निना आला तोही उशिरा आणि मरगळलेला. जानेवारी उबदार गेला, २०२५ चा फेब्रुवारी तर देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. डिसेंबरातल्या चार गार रात्रींनी तीन महिन्यांची सरासरी बदलत नाही.

आप्पांनी मफलर सैल केला. "सरासरी पांघरीसन झोपता येस का?"

याला उत्तर नाही. निदान मला तरी सुचलं नाही.

पण आप्पा ज्यांच्यावर विश्वास ठेवतात त्यांची वही मात्र कुठे दिसत नाही. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते. शेतात घट मांडून, भोवती धान्य ठेवून, रात्रीतून दाणे कुठे सरकले यावरून पुढच्या वर्षाचं पीकपाणी सांगतात. त्याचे व्हिडिओ दुसऱ्या दिवशी आप्पांच्या फोनवर असतात. परभणीकडच्या पंजाबराव डखांचे अंदाजही असतात. ते चुकले की आप्पा म्हणतात, माणूस आहे, होतं. खातं माणसांनी भरलेलं आहे याची त्यांना कल्पना नसावी. आणि गुडघ्याची चूक कधी निघालीच, तर त्या दिवशी घरी वातुळ वाटाणे केले होते हे कारण तयार असतं.

बरेच दिवस मला वाटायचं, की आप्पांना अचूक अंदाज हवा आहे. आता तसं वाटत नाही. खातं दर वेळी बरोबर आलं तर त्यांची वही बंद पडेल. आणि दर वेळी चुकलं तर? तर आप्पांसारखा सुखी माणूस नाही. कायम चुकणारा अंदाज हा कायम बरोबर येणाऱ्या अंदाजाइतकाच कामाचा, फक्त उलटा वाचायचा. खात्यावर त्यांचा खरा राग हा, की ते धड चुकतही नाही. मध्येच बरोबर येतं आणि माणसाला तोंडघशी पाडतं.

याची परीक्षा एका जानेवारीत झाली. आप्पांचे व्याही रावेरकडे, केळीवाले. केळीला फळपीक विमा असतो, आणि त्याची अट पक्की. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर सलग तीन दिवस पारा ८ अंश किंवा त्याखाली गेला तर भरपाई. मोजणार महसूल मंडळातलं स्वयंचलित हवामान केंद्र, गुडघा चालत नाही. दोन रात्री पारा आठच्या खाली गेलेला. पानं पिवळी पडायला लागली होती, बागेची वाढ थांबली होती. तिसऱ्या रात्री पारा वर राहिला, तर बागही जायची आणि भरपाईही. व्याह्यांचा फोन दर तासाला. जे आप्पा पाऱ्याला मानत नव्हते ते आता दशांश चिन्हापर्यंत बोलू लागले. सात पूर्णांक आठ. सात पूर्णांक सहा. बाटली त्या दिवशी कुणी उलटी केली नाही.

संध्याकाळी मला बोलावणं आलं. शेकोटीपाशी खुर्ची मांडलेली.

"भाऊ, काय म्हनस तुन्हा मोबाईल? रावेरनं दख."

मी बघितलं. मन घट्ट करून सांगितलं, "नऊ दाखवतोय, आप्पा. थोडे ढगही आहेत."

आप्पा खुर्चीतून उठले. चेहरा उजळला. व्याह्यांना फोन लावला आणि इतक्या मोठ्याने बोलले, की गल्लीतली दोन दारं उघडली.

"व्याही, झोपा निवांत! खातं नऊ म्हनस!"

पलीकडून काहीतरी घाबरलेलं विचारलं गेलं असावं. आप्पा हसले.

"अहो, म्हनीसनच तं सांगस! आते नक्की आठना खाले जाई!"