पंधरा गोळ्यांची फुरसत

बंदूक घ्यायची म्हटल्यावर आमच्या घरात 'कुठली?' हा प्रश्न यायला बराच अवकाश होता. सगळे 'कशाला?'पाशीच अडून बसले. बायकोने विचारलं, मुलीने विचारलं, सांगलीहून फोनवर आईने तर "कुणाशी भांडण झालंय का रे?" इथूनच सुरुवात केली. रिकामे डबे पाडायला, हे माझं उत्तर अक्षरशः खरं होतं. आईने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग दगड मार की."

पेनसिल्व्हेनियाच्या खेड्यांत मात्र हे उत्तर कुणालाही पुरतं. शेताच्या कडेला मातीचा उंच बांध बघायचा, त्याच्यासमोर सूपचे रिकामे डबे मांडायचे आणि पॉइंट टू टू रायफलीने एकेक पाडायचे, ही इथे रीतसर करमणूक आहे. तिला प्लिंकिंग म्हणतात. यात कुणी गुण मोजत नाही, कुणी जिंकत नाही. आमच्या सत्तरीच्या शेजाऱ्याचं हॅरिसबर्गच्या बाहेर थोडं रान आहे, तिथे त्याने मला नेलं आणि तिथेच हे खूळ डोक्यात शिरलं. कॉलेजात एनसीसीत असताना मी टू-टू चालवली होती, पण ती पालथं पडून, उस्तादांच्या "सांस रोको"च्या धाकात. गोळ्या मोजून मिळायच्या आणि रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागायच्या. इथे शेजाऱ्याने गोळ्यांचं खोकं माझ्यासमोर सरकवलं आणि संपलं तर गाडीत आणखी आहे म्हणाला. इतकी वर्षं श्वास रोखून धरलेला मी तेव्हा कुठे तो सोडला.

या देशात बंदुकीबद्दल हलकंफुलकं लिहिताना लेखणी जरा चाचरते, आणि चाचरावीच. म्हणून बायकोच्या अटी आधीच सांगून टाकतो. पहिली तिजोरी, मग रायफल. गोळ्यांना वेगळं कुलूप. दोन्ही किल्ल्या तिच्याकडे. तिजोरी रायफलपेक्षा महाग पडली, हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

आता 'कुठली?' टू-टू घेणाऱ्या नवशिक्याला अख्खी अमेरिका एकच नाव सांगते: रुगर टेन-ट्वेंटीटू. 1964 पासून चालत आलेली, दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन खटकन बसतं, खटकन निघतं. शेजारी म्हणाला, ती घे आणि डोकं चालवू नकोस. पण डोकं चालवायचं नसेल तर आपल्या माणसाला खरेदीत गोडी काय? शिवाय मला नळीची रायफल हवी होती. बॅरलखाली एक लांब नळी असते आणि तिच्यात काडतुसं एकामागे एक, एकाचं नाक पुढच्याच्या बुडाला टेकवून उभी असतात. मोठ्या रायफलींत ही रचना जपून वापरावी लागते. त्यांच्या काडतुसाचा पेटता मसाला बुडाच्या मधोमध असतो आणि मागच्या गोळीचं टोक नेमकं तिथेच टेकतं. दणका बसला तर नळीतल्या नळीतच दिवाळी. म्हणून थर्टी-थर्टीसारख्या लिव्हरच्या रायफलींना चपट्या नाकाच्या गोळ्या द्यायची चाल पडली. टू-टू मात्र रिमफायर. तिचा मसाला बुडाच्या कडेला असतो, मध्ये नुसतं पितळ. कुणी कुणाला कितीही टेकावं!

टेन-ट्वेंटीटूचं मॅगझिन हरवलं तर दुकानात दुसरं मिळतं, असा शेजाऱ्याचा मुद्दा होता. नळी हरवतच नाही, असा माझा. मात्र आतली पितळी नळी वाकली, तर पंधरा गोळ्यांच्या रायफलीची बसल्या जागी एका गोळीची होते. हा मुद्दा त्याला सुचला नाही आणि मी सुचवला नाही.

उमेदवारांत पहिली मार्लिन सिक्स्टी. 1960 सालची, अर्धस्वयंचलित, एक कोटीहून जास्त खपलेली. आता जुनी शोधावी लागते. मोठ्या दुकानांसाठी हीच रायफल ग्लेनफिल्ड या नावाने निघायची आणि तिच्या लाकडी दस्त्यावर खारीचं चित्र ठसवलेलं असायचं. एका दुकानात अशी एक दिसली. मुलीने चित्र निरखून विचारलं, "बाबा, ही खार शोभेसाठी आहे की यादीत पहिली आहे?" इथे खारींची शिकार खरंच होते, त्यामुळे मी सरळ पुढच्या काउंटरकडे वळलो.

तिथे मार्लिन थर्टीनाइन-ए होती, लिव्हरची, आणि तिचे आकडे बघून मला भरून आलं. टू-टूच्या काडतुसाच्या तीन लांब्या असतात: 1857 सालचं शॉर्ट, मग लाँग, आणि 1887 पासूनचं, आज सगळीकडे चालतं ते लाँग रायफल. मॅगझिनच्या पेटीला एकच लांबी सोसते. नळीला काय, लांबीचा प्रश्नच नाही. त्यामुळे ही रायफल शॉर्ट घेते 26, लाँग घेते 21 आणि लाँग रायफल 19. एका किमतीत तीन सोयी म्हटल्यावर आमच्या पिढीला दुसरं काही ऐकू येत नाही. आजकाल शॉर्टच बहुधा लांब भावंडापेक्षा महाग मिळतं, म्हणजे ही सोय आयुष्यात कुणी वापरणार नाही. तरी सोय असलेली बरी. पण ही रायफलही जुन्या बाजारातली, आणि तिच्यावर प्रेम करणारे माझ्या आधीच रांगेत उभे होते. किमतीची चिठ्ठी मी दोनदा वाचली आणि नीट होती तशी उलटी करून ठेवली.

ब्राउनिंगची एसए-ट्वेंटीटू ही या सगळ्यांतली रूपवती. जॉन ब्राउनिंगची रचना, 1914 सालची. हिची नळी दस्त्यात असते आणि गोळ्या दस्त्याच्या अंगच्या भोकातून आत जातात. मधून पिळली की रायफल दोन तुकडे होऊन पिशवीत मावते. आधी बेल्जियममध्ये व्हायची, 1970च्या दशकापासून जपानात मिरोकूकडे. नळीत फक्त अकरा. अकराला एवढे पैसे? सौंदर्याला किंमत असते हे मला मान्य आहे, पण माझ्या बजेटला नाही. त्याच घरची बीएल-ट्वेंटीटू लिव्हरची, तीही जपानी, आणि तिची लिव्हर जेमतेम 33 अंश हलवली की काम झालं. मला ते फार कमी वाटलं. लिव्हर ओढायची तर जरा ओढल्यासारखी वाटायला नको?

पंप-ॲक्शनवर मात्र मी खरा रेंगाळलो. विंचेस्टरने 1890 साली काढलेली पंपाची टू-टू इथल्या जत्रांतल्या नेमबाजीच्या गाळ्यांत वर्षानुवर्षं खणखणत होती. जत्रेत फुगे फोडणाऱ्या छऱ्याच्या बंदुकीपुढे ज्याने बापाचा हात सोडायला नकार दिलाय, त्याला हे कुळ लगेच ओळखू येतं. बायकोने तेवढ्यात विचारलं, "फुग्यांना किती मार्क होते तुला?" आणि आम्ही पुढे सरकलो.

शेवटी हेन्रीची लिव्हर-ॲक्शन घेतली. नाव 1860 साली पेटंट घेणाऱ्या बेंजामिन हेन्रीचं, कंपनी अलीकडची, दोघांचा नात्यागोत्याचा संबंध नाही. लाँग रायफल 15, शॉर्ट 21. किंमत परवडणारी आणि लिव्हर पुरेशी ओढावी लागणारी.

दुकानात 4473 नंबरचा सरकारी फॉर्म भरावा लागतो. त्यात 'तुम्ही फरारी आहात का?' असा एक प्रश्न आहे. त्याला 'हो' लिहिणारा माणूस मला एकदा भेटायचा आहे. जन्मस्थानाच्या रकान्यात परदेशात जन्मलेल्या माणसाने नुसता देश लिहायचा असतो. मी सवयीने 'सांगली' लिहायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या पोराने हळूच थांबवलं. मग पोलिसांच्या यंत्रणेकडून तपासणी झाली आणि भारतात कलेक्टर कचेरीचे उंबरे झिजवून मिळणारी वस्तू मासे पकडायच्या गळांशेजारच्या काउंटरवरून माझ्या हाती आली. ती इतक्या सहज मिळाल्याची रुखरुख अजून पुरती गेलेली नाही.

नळी भरणं हे खरं काम. टोकाची पितळी टोपी पिळायची, आतली नळी अर्धी वर ओढायची, मग काडतुसाच्याच आकाराच्या खाचेतून एकेक गोळी बुडाकडून आत सोडायची. बॅरलचं तोंड माणसांपासून दूर, आणि आपला हात त्याच्यासमोर कधीही नाही. हे करताना जाड बोटांतून गोळ्या गवतात पडतात, त्या शोधाव्या लागतात, मग मोजणी चुकते. टेन-ट्वेंटीटूवाल्या शेजाऱ्याची दहा गोळ्यांची आतषबाजी उरकते तोवर मी सातव्या गोळीवर असतो. पण याच वेळात त्याने मला आपल्या पहिल्या नोकरीची, गुडघ्याच्या ऑपरेशनची आणि सुनेची हकिगत सांगितली. नळी नसती तर मला सुनेपर्यंत पोचताच आलं नसतं. रिकामी करतानाही तसंच: नळी काढायची, गोळ्या ओतून घ्यायच्या, लिव्हर मारून आत डोकावून खात्री करायची, आणि मग दुसऱ्यांदा खात्री करायची.

चिवडा मात्र नंतर. उघड्या शिशाच्या गोळ्यांनी बोटं काळी होतात, म्हणून बायकोने साबण आणि पाण्याचा कॅन बरोबर ठेवलाय आणि हात धुतल्याशिवाय डबा उघडत नाही.

हिवाळ्यात शेजारी फ्लोरिडाला गेला तेव्हा परवाना काढून आम्ही सरकारी गेम लँड्सच्या, म्हणजे शिकारीसाठी राखलेल्या रानांच्या, रेंजवर गेलो. फाटकाशी नियमांची पाटी होती. रायफलीत एका वेळी सहाच गोळ्या. नेम फक्त कागदी लक्ष्यावर, तोही ठरलेल्या चौकटीवर लावलेल्या. डबे नाहीत.

बायकोने पाटी वरपासून खालपर्यंत वाचली. "पंधरा मावतात ना तुझ्या नळीत? मग उरलेल्या नऊचं काय?"

"सोय असलेली बरी," मी म्हणालो आणि सहा मोजायला बसलो.