अभ्यास चालू आहे

प्रत्येक हाउसिंग सोसायटीत एक गृहस्थ असे असतात, की त्यांना विचारल्याशिवाय कोणी मिक्सरसुद्धा घेत नाही, आणि त्यांना विचारलं तर मिक्सर घेणं होतच नाही. आमचे काका त्यातले. चिंचवडच्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते. उभं आयुष्य माल रिजेक्ट करण्यात गेलं. निवृत्तीनंतर हात शिवशिवणारच.

तळमजल्यावरच्या काकूंचा लॅपटॉप 2013 सालचा. बटण दाबून काकू देवपूजेला बसतात आणि आरती झाली की विंडोज उघडलेलं असतं. तो बदलावा की त्यात एसएसडी टाकावी, एवढंच त्यांनी विचारलं. काका खिशात पेनाशेजारी स्क्रूड्रायव्हर लावून आले. लॅपटॉप उलटा केला, कान टेकवला, डोळे मिटले. "फिफ्टी-फोर हंड्रेड आरपीएम," म्हणाले. "प्रोसेसर आय-फाइव्ह आहे, रॅम आठ जीबी आहे. मशीन ठणठणीत आहे हो, डिस्क म्हातारी झालीय. तबकडी फिरणार, सुई जागा शोधणार, मग फाइल मिळणार. एसएसडीत फिरायला काही नाहीच."

निदान अचूक होतं. औषधही त्यांना ठाऊक होतं: अडीच इंची, साटाची, 500 जीबीची, बऱ्या कंपनीची कुठलीही घ्या. चालू डिस्ककडून एसएसडीकडे जाताना जो फरक पडतो, त्यापुढे दोन एसएसडींमधला फरक काकूंना कधी जाणवणारही नाही. हे काकांनी स्वतःच सांगितलं. शहाण्या माणसानं इथे चहा पिऊन घरी जायचं असतं. काकांनी वही उघडली.

पहिल्यांदा जाडी. जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटर, एसएसडी सात. मधल्या अडीच मिलिमीटरचं काय? दुकानदार प्लास्टिकची चौकट लावून हा प्रश्न मिटवतो, पण काकांनी त्यासाठी घरून व्हर्नियर कॅलिपर आणला आणि तीन ठिकाणी माप घेतलं.

मग वेग. एनव्हीएमई सेकंदाला 3500 एमबी वाचते, हे त्यांनी इतकं रसभरीत सांगितलं की काकू म्हणाल्या, "मग तीच घेऊ." "तुमच्यात स्लॉटच नाही," काका म्हणाले, आणि साटाचे 6 गिगाबिट सेकंदाला 550 एमबीवर कसे येतात याचा हिशेब काकूंच्या भिशीच्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर मांडला.

मग आयुष्य. एका ड्राइव्हवर 300 टेराबाइट लिहिता येतील अशी हमी होती. "रोज वीस जीबी लिहिलंत तरी एक्केचाळीस वर्षं!" भजनी मंडळाचा हिशेब आणि नातवाचे फोटो यांपलीकडे काही न लिहिणाऱ्या, सत्तरीच्या काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "अहो, तेवढी गॅरंटी माझीच नाही." पण दुसऱ्या एका ड्राइव्हची हमी 180 टेराबाइटची निघाली आणि काकांच्या कपाळावर आठी पडली. स्वस्तातल्या तिसरीत डीरॅम नव्हतं. चौथी क्यूएलसी होती. हा शब्द ते घरातल्या व्यसनी माणसाबद्दल बोलावं तसे खालच्या आवाजात बोलले.

दुकानं तर सगळीच त्यांच्या विरोधात. तापकीर गल्लीवाला वॉरंटीचं धड सांगत नाही, लॅमिंग्टन रोडला स्वस्त मिळेल पण मुंबईचं भाडं कोण देणार, आणि ऑनलाइन घ्यावी तर आतला माल अस्सल कशावरून? शिवाय भाव. 2023 साली एसएसडीच्या किमती कोसळल्या, तेव्हा काका दुसऱ्या कुणाला म्हणाले होते, "थांबा, अजून उतरतील." पुढे त्या चढल्या. आता ते म्हणतात, "चढलेल्या भावात कोण घेतं?" त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपमध्ये आजही मूळ हार्ड डिस्कच आहे. सकाळी तो चालू करून ते फिरायला जातात, म्हणून तब्येत मात्र उत्तम.

शेवटी काकूंची भाची आली. कोपऱ्यावरच्या दुकानातून एक एसएसडी उचलून आणली, यूएसबीच्या केबलनं जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल तिच्यावर उतरवली, चार स्क्रू काढले, चार लावले. तिसऱ्या प्रहरी लॅपटॉप असा पटकन उघडला की काकूंची उदबत्ती पेटायची राहिली.

काका पाहायला आले. दोनदा बंद-चालू करून पाहिला. 500 जीबीच्या जागी 465 का दिसतात, हे कोणी न विचारता समजावलं. मग टेबलावर पडलेली जुनी डिस्क त्यांच्या नजरेस पडली. त्यांनी ती अलगद उचलली, रुमालानं पुसली.

"ही फेकायची नाही हं. बाहेरून केसिंग घातलं की बॅकअपला सोन्यासारखी. आता केसिंग प्लास्टिकचं की अॅल्युमिनियमचं... टू पॉइंट झीरो की थ्री पॉइंट झीरो..." त्यांचा हात खिशातल्या कॅलिपरकडे गेला.

काकूंनी भाचीला खुणेनंच विचारलं, तुझी गाडी किती वाजताची?