चढाईच्या तोंडावर हात ठेवणाऱ्या आयोजकास

कबड्डी स्पर्धेचे आयोजक महोदय,


पत्रावर तुमचं नाव घातलेलं नाही, कारण पेण-रोहा पट्ट्यात तुम्ही एकटे नाही. गाव बदलतं, चषकाचं नाव बदलतं, बॅनरवरचा साहेबांचा फोटो बदलतो. मैदानाच्या कडेला रचलेली स्पीकरची भिंत मात्र सगळीकडे असते. चढाई चालू असताना तुम्ही डीजे वाजवता. हा गुन्हा तुम्ही सगळ्या गावादेखत करता, म्हणून पत्रही सगळ्या गावादेखत लिहितो आहे.

संगीताशी माझं वैर नाही, हे आधी सांगतो, म्हणजे ‘म्हाताऱ्यांना काही सहन होत नाही’ असं म्हणून पत्र बाजूला टाकायची सोय तुम्हाला राहणार नाही. मला ढोल आवडतो, खालूबाजातली सनई आवडते आणि रॉकही मनापासून आवडतं. तुमचा डीजे मध्यंतरात ज्या गाण्याचा ठेका हमखास लावतो, ते ‘वुई विल रॉक यू’ 1977 सालचं, क्वीन या बँडचं. ते गाणारा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारोख बलसारा. त्याचं शालेय शिक्षण आपल्या पाचगणीत झालं आणि शाळेतल्या मुलांच्या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा. गाणं लिहिलं गिटारवादक ब्रायन मे याने. इंग्लंडमधल्या एका कार्यक्रमात कलाकार मंचावरून गेले, तरी श्रोते आपणहून गात राहिले. ते ऐकून त्याच्या मनात आलं की, जागेवर उभ्या असलेल्या गर्दीलाही वाजवता येईल असं काही असावं. म्हणून त्या ठेक्यात ड्रम नाहीत. दोनदा पाय आपटायचे, एकदा टाळी वाजवायची, बस्स. जगभरच्या मैदानांवर वाजणारं हे गाणं मुळात प्रेक्षकांच्या हातापायांसाठी लिहिलेलं आहे. तुम्ही मात्र ते स्पीकरमधून एवढ्या जोरात सोडता की, शेजारच्याची टाळीही ऐकू येत नाही.

आता खेळाकडे येऊ.

कबड्डीत चढाई करणारा एकटा असतो आणि समोर सातजण. त्याने प्रतिपक्षाच्या अंगणात पाऊल टाकण्याआधी ‘कबड्डी’ म्हणायला सुरुवात केली पाहिजे. उशीर केला, तर पंच त्याला परत पाठवतो आणि समोरच्यांना गुण मिळतो. तिथे असेपर्यंत उच्चार स्पष्ट हवा, अखंड हवा आणि एका दमात हवा. दम तुटला की तो बाद. म्हणजे चढाई सुरू कधी झाली आणि संपली कधी, हे ठरवायला पंचाला डोळ्यांइतकेच कान लागतात. पकड झाल्यावर तर जास्तच लागतात. मध्यरेषेपासून वीतभर अंतरावर चौघांच्या खाली दबलेल्या खेळाडूचा चेहरा दिसत नाही, ओठ दिसत नाहीत. त्याचा दम शिल्लक आहे की गेला, हे फक्त ऐकूनच कळतं. सामन्याचा निकाल कित्येकदा त्या एका क्षणावर ठरतो आणि नेमक्या त्याच क्षणी तुमच्या डीजेवाल्याला चेव येतो. मग पंच अंदाज करतो. अंदाज चुकला की खेळाडू धावून येतो, समर्थक मैदानात उतरतात आणि शिव्या पंचाला बसतात. त्याचे कान तुम्ही बंद केलेत, हे कोणी बोलत नाही. म्हणून मी बोलतो आहे.

नियमपुस्तकात आणखी एक गोष्ट आहे, ती जरा नीट वाचा. बचाव करणाऱ्यांनी चढाई करणाऱ्याचं तोंड दाबून त्याचा दम तोडायचा मुद्दाम प्रयत्न केला, तर ती पकड मानली जात नाही. तो खेळाडू बाद होत नाही. अंगावर झेप घ्यायला, घोटा धरायला, साखळी करून घेरायला आपला खेळ मोकळीक देतो. तोंडावर हात ठेवायला देत नाही. सातजणांना जे करायची मनाई आहे, ते तुम्ही मैदानाबाहेर बसून प्रत्येक चढाईत करता. तुमचा हात मोठा आहे आणि भाड्याने आणलेला आहे, एवढाच फरक.

‘टीव्हीवर तर सगळं असंच असतं,’ हे तुमचं ठरलेलं उत्तर. 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि आपल्या खेळाला पैसा, प्रतिष्ठा, घराघरात प्रेक्षक मिळाले. त्याचा मला आनंद आहे. पण तिथे 30 सेकंदांचं घड्याळ सगळ्यांना दिसतं, चारी बाजूंनी कॅमेरे असतात आणि निर्णयावर शंका आली तर पुन्हा पाहून तपासता येतं. आपल्या मातीच्या मैदानावर यातलं काय आहे? एक सरपंच, दोन पंच, गुणलेखक आणि त्याचे दोन सहायक. त्यांचे डोळे आणि कान हीच सगळी यंत्रणा. टीव्हीवरच्या कबड्डीतून तुम्ही खेळाडूंसाठी मॅट आणली नाही, निर्णय तपासायची सोय आणली नाही. आणला तो फक्त आवाज.

परदेशाचंच उदाहरण हवं असेल, तर अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचं देतो. गोंगाटात त्यांचा हात कोणी धरणार नाही. ड्यूक विद्यापीठाच्या कॅमेरॉन स्टेडियममध्ये 9,314 माणसं बसतात आणि तिथले विद्यार्थी पाहुण्या संघाला ओरडून ओरडून हैराण करतात. बहुतेक कॉलेजांचा स्वतःचा बँड असतो, वाजवणारी मुलं त्याच कॉलेजची. पण त्यांचा नियम बघा. चेंडू खेळात असताना बँड वाजवायचा नाही, स्पीकरवर गाणं लावायचं नाही. वाजवायचं ते टाइमआउटमध्ये आणि मध्यंतरात. नियम मोडला, तर दंड संघाला भरावा लागतो. प्रेक्षकांनी मात्र गळा फाटेपर्यंत ओरडावं, त्याला बंदी नाही. माणसाच्या गळ्यातला आवाज खेळाचा आणि यंत्रातला आवाज विश्रांतीचा, अशी वाटणी त्यांनी केली आहे. आणि त्यांच्या खेळात तर खेळाडूला तोंडाने एक अक्षरही म्हणावं लागत नाही! ज्या खेळात खेळाडूचा आवाज हाच नियम आहे, त्या आपल्या खेळाला तुम्ही तेवढंही संरक्षण देत नाही.

डीजेखाली आणखी काय काय बुडतं, ते ऐका. कोपरारक्षक मधल्याला दबक्या आवाजात सांगतो, ‘थांब, येऊ दे.’ ते बुडतं. बाकावरून प्रशिक्षक ओरडतो की बोनसला जाऊ नको, ते बुडतं. पहिल्यांदा मोठ्या संघात उतरलेल्या पोराच्या नावाने त्याची आळी हाक मारते, ती बुडते. खेळाडूचा पाय निदानरेषेपलीकडे गेला की गर्दी क्षणभर श्वास रोखते आणि तो परत आला की एकदम उसळते. हे चढउतार ज्यांनी अनुभवले, ते रात्ररात्र बांधावर बसून कबड्डी पाहायचे. तुमच्याकडे पहिल्या चढाईपासून अंतिम सामन्यापर्यंत एकच पट्टी आहे, सगळ्यात वरची. त्यात लोण चढला काय आणि खेळाडू दुखावला काय, कळायला मार्ग नाही.

जोहे, हमरापूर, कळवे या गावांना कामातली शांतता शिकवायला नको. इथे घरोघरी गणपतीचे कारखाने आहेत. मूर्तीचं बाकी सगळं काम हसतखेळत, रेडिओ लावून चालतं. पण डोळ्यांच्या आखणीला बसलेल्या कारागिराला कोणी हाक मारत नाही. कारखान्यातलं हेच माणूस संध्याकाळी हात धुऊन तुमच्या मैदानावर येतं. चढाईचे 30 सेकंद म्हणजे आखणीचे क्षण, हे त्याला पटकन समजतं. तेव्हा ‘पब्लिकला डीजेच पाहिजे’ असं सांगून स्वतःची हौस आमच्या माथी मारू नका.

कायदाही तुमच्या बाजूने नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. सणासमारंभासाठी सरकार वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देतं, तुमच्या उपांत्य सामन्यांसाठी पहाटेपर्यंत नाही. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. तुमचे सामने फेब्रुवारी-मार्चमध्ये रंगतात, तेव्हा त्याच गावात कुणा मुलीची दहावी-बारावीची परीक्षा असते. तिला पहाटे उठून परीक्षेच्या केंद्रावर जायचं असतं.

आणि पैशाचं बोलू. डीजेच्या भाड्याला तुमच्याकडे वर्गणी जमते, देणगीदार मिळतात. पण गुडघा फिरलेल्या खेळाडूला उचलायला स्ट्रेचर नसतं, दवाखान्यात न्यायला गाडी शोधावी लागते. मुलींच्या संघांना कपडे बदलायला आडोसा नसतो. पंचांचं मानधन द्यायची वेळ आली की तुमचा खजिनदार सापडत नाही. बॅनरवर साहेबांइतकाच मोठा ‘भव्य’ हा शब्द असतो. भव्य काय आहे, ते आम्ही डोळ्यांनी पाहतो: लोखंडी सांगाड्यावर चढवलेली खोकी. 15 जुलैला तुम्ही कबड्डी दिन करता, बुवा साळवींच्या फोटोला हार घालता. ज्या माणसाने या खेळासाठी आयुष्य वेचलं, त्याच्या फोटोसमोर उभं राहून एकदा सांगा की, चढाईचा दम ऐकू न येणाऱ्या स्पर्धा आम्ही भरवतो.

माझं मागणं अवघड नाही. पंचाने शिट्टी दिली की आवाज बंद, मध्यंतराची शिट्टी होईपर्यंत बंद. समालोचकाचा एक कर्णा पुरे, आणि त्यानेही चढाई चालू असताना गप्प बसावं. मध्यंतराच्या 5 मिनिटांत आपल्याच तालुक्यातला खालूबाजा बोलवा. बिदागी त्या वाजवणाऱ्यांच्या घरात जाईल. 10 वाजता स्पीकरची तार काढून ठेवा. वाचलेल्या पैशातून स्ट्रेचर आणि मुलींसाठी खोली, हे पहिल्याच वर्षी होईल.

हे जमत नसेल, तर पत्रिकेवर ‘कबड्डी स्पर्धा’ छापू नका. ‘डीजेचा कार्यक्रम’ छापा, नाचायला येणारे येतील. खेळाडूंना आणि आम्हाला दुसऱ्या मैदानावर जाऊ द्या. चुन्याच्या रेषा आम्ही स्वतः आखू, वर्गणीही आम्हीच काढू. तिथे आत जाणाऱ्या पोराचा दम शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येईल, कारण तो ऐकायलाच आम्ही येतो.

आपला,
जोहे परिसरातला एक कबड्डीप्रेमी